दादासाहेब फाळके, मेणबत्ती आणि एक भिंग

डोंगरकडा परिसरातली बरीच म्हातारी माणसे तपासणीला येताना सदऱ्याच्या खिशात किंवा पिशवीत एक चष्मा घेऊन येतात. कोणी तो बाजारातून उचललेला असतो, कोणाला मुलाने शहरातून आणून दिलेला असतो, तर कोणी घरातल्या गेलेल्या माणसाचा चष्मा वापरत असते. तक्रार ठरलेली असते. या चष्म्याने आता दिसत नाही, नंबर वाढवून द्या.

अशा वेळी थोडी सवड असली, की मी तो चष्मा हातात घेतो आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरतो. पुढेमागे करता करता एका ठिकाणी भिंतीवर खिडकी उमटते. गज दिसतात, बाहेरचे झाड दिसते आणि हे सारे उलटे. चष्मा जरा हलला की चित्र पुसले जाते. रुग्णाबरोबर आलेला नातू हमखास पुढे सरकून बघतो. वाचायच्या चष्म्याचे भिंग काय करते, हे समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

बरोबर असाच खेळ १९११ साली मुंबईत एका माणसाने आपल्या घराच्या भिंतीवर मांडला होता. त्याच्याकडे मेणबत्ती होती, एक भिंग होते आणि फिल्मचे तुकडे होते. त्या खेळातून पुढे भारतीय सिनेमा जन्माला आला. मात्र त्या नादात त्या माणसाची स्वतःची दृष्टीच गेली होती, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. धुंडिराज गोविंद फाळके यांची ही गोष्ट सिनेमाची आहेच, पण ती भिंगाची आणि डोळ्यांचीही आहे.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा मात्र चित्रे, मूर्ती, नाटक आणि जादू यांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथे चित्रकलेबरोबरच छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि छपाई हे सारे त्यांनी हाताखालून घातले. कॅमेरा त्यांच्या आयुष्यात आला तो इथे.

कॅमेऱ्यात काय घडते ते खिडकीच्या उदाहरणावरूनच पाहू. खिडकीबाहेरच्या झाडाचे प्रत्येक पान चोहीकडे प्रकाश फेकत असते. तो प्रकाश खोलीतल्या भिंतीवरही पडतो. मग भिंतीवर झाडाचे चित्र का दिसत नाही? कारण भिंतीच्या प्रत्येक बिंदूवर सगळ्या पानांचा, फांद्यांचा, आभाळाचा प्रकाश एकत्र कालवलेला असतो. आठवडी बाजारात दहा गावांची माणसे एकमेकांत मिसळावीत, तसे ते असते. संध्याकाळी हीच माणसे एसटी स्टँडवर आली, की आपापल्या गावाच्या गाडीत जाऊन बसतात. भिंग नेमके हेच काम करते. एका पानाकडून निघालेले जितके किरण भिंगावर पडतात, तितके सगळे वळवून ते पलीकडे एका बिंदूत आणते. दुसऱ्या पानाचे किरण दुसऱ्या बिंदूत. प्रत्येकाचा प्रकाश आपापल्या जागी पोचला, की तयार होते ती प्रतिमा. भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण न वळता सरळ निघून जातात. त्यामुळे वरच्या फांदीचा प्रकाश खाली पडतो, खालच्या बुंध्याचा वर पडतो आणि चित्र उलटे दिसते.

किरण वळतात, कारण काचेत प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी होतो आणि तो तिरप्या पृष्ठभागावरून आत शिरला की त्याची दिशा बदलते. मधे फुगीर आणि कडेला पातळ असे बहिर्गोल भिंग कडेच्या किरणांना जास्त वळवते, मधल्यांना कमी. म्हणून सारे एका ठिकाणी भेटतात. फार दूरच्या वस्तूचे किरण भिंगापासून जितक्या अंतरावर भेटतात, त्याला नाभीय अंतर म्हणतात. चष्म्याचा नंबर म्हणजे याच अंतराचा हिशेब. शंभराला नंबराने भागा, नाभीय अंतर सेंटीमीटरमध्ये मिळते. अधिक २ नंबरचे भिंग दूरच्या डोंगराचे चित्र ५० सेंटीमीटरवर पाडते, अधिक ४ नंबरचे २५ सेंटीमीटरवर. घरात वाचायचा चष्मा असेल तर आजच करून पाहा.

ही कला फाळक्यांना अवगत झाली, पण तिने पोट भरत नव्हते. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. तिथे प्लेगची साथ आली आणि त्यात पत्नी आणि मूल दोघेही गेले. पुन्हा बडोद्याला येऊन त्यांनी स्टुडिओ काढला. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, असा समज तेव्हा लोकांत होता. गिऱ्हाईक येईना. आज हसू येते, पण डोळ्यांत औषध टाकले की दृष्टी जाते असे सांगणारी माणसे मला अजूनही भेटतात. त्यामुळे त्या काळाला नावे ठेवायला मी धजत नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केली, ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. नंतर तो दादरला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला ते जर्मनीला जाऊन आले. काम नावाजले गेले, पण भागीदारांशी पटले नाही आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले. चाळिशी गाठलेला संसारी माणूस, हातात कला भरपूर आणि उत्पन्न काही नाही, अशी ती स्थिती होती.

अशात एप्रिल १९११ मध्ये गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत होता आणि फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहात होते. आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, हे त्यांनी ठरवून टाकले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईत लागलेला जवळजवळ प्रत्येक चित्रपट त्यांनी पाहिला. एक लहानसा कॅमेरा आणि काही रिळे मिळवली. रात्री घरी मेणबत्ती पेटवायची, तिच्यासमोर फिल्म धरायची, पुढे भिंग ठेवायचे आणि भिंतीवर चित्र पाडून तासन् तास त्याचा अभ्यास करायचा, हा क्रम सुरू झाला.

त्या भिंतीवर काय होत होते? कॅमेऱ्यात मोठ्या वस्तूचे लहान चित्र मिळते. इथे उलटे हवे होते, म्हणजे बोटभर रुंद फिल्मवरचे चित्र भिंतभर व्हायला हवे होते. गंमत अशी, की त्यासाठी वेगळे भिंग लागत नाही. एक हिशेब पाहा. पाच सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले आणि त्याच्यापासून २०५ सेंटीमीटरवर माणूस उभा केला, तर त्याचे चित्र भिंगामागे ५.१२५ सेंटीमीटरवर पडते, चाळीस पट लहान. आता फिल्म त्याच ५.१२५ सेंटीमीटरवर ठेवा आणि मागून उजेड द्या. चित्र २०५ सेंटीमीटरवरच्या भिंतीवर पडेल, चाळीस पट मोठे. वाट तीच, फक्त प्रवास उलट दिशेने. अडीच सेंटीमीटरची फिल्म एक मीटर रुंद दिसेल. मात्र फिल्म उलटी धरावी लागेल, म्हणजे भिंतीवर सुलटे चित्र मिळेल. सिनेमाच्या यंत्रातही फिल्म उलटीच लावली जात असे.

या हिशेबात दोन अडचणी आहेत आणि दोन्हींचा ताण डोळ्यांवर पडतो. पहिली अचूकपणाची. फिल्म भिंगाच्या नाभीय अंतराहून जेमतेम सव्वा मिलिमीटर दूर आहे. त्यात केसभर फरक झाला की चित्र अस्पष्ट होते. दुसरी उजेडाची. लांबी चाळीस पट आणि रुंदीही चाळीस पट, म्हणजे तेवढाच प्रकाश सोळाशे पट जागेवर पसरतो. त्यात दिवा कोणता, तर मेणबत्ती. अंधुक चित्रावर नजर रोखून फाळके रात्री घालवत होते. झोप जेमतेम तीन तास. दिवसा पुन्हा सिनेमा.

आणि एके दिवशी त्यांना दिसेनासे झाले.

चित्रकार, छायाचित्रकार आणि मुद्रक असलेल्या माणसाची दृष्टी जाणे म्हणजे हात तुटण्यासारखेच. पदरी पत्नी आणि मुले होती, उत्पन्न नव्हते आणि आप्तेष्टांच्या लेखी हा माणूस भ्रमिष्ट झाला होता. या वेळी डॉ. प्रभाकर नावाचे डॉक्टर त्यांच्या मदतीला आले. त्यांनी वेळेवर उपचार केले, तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले आणि फाळक्यांना पुन्हा दिसू लागले. भारतीय सिनेमाच्या इतिहासात या डॉक्टरांचे नाव एखाद्या ओळीपुरते येते. मला मात्र ते फार महत्त्वाचे वाटते.

इथे थोडे डोळ्याविषयी. डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर लांबीचा कॅमेरा आहे. पुढे पारपटल नावाचे पारदर्शक आवरण असते. प्रकाश वळवण्याचे दोन तृतीयांश काम तेच करते. उरलेले काम बाहुलीमागचे नैसर्गिक भिंग करते. मागे दृष्टिपटल असते, ती या कॅमेऱ्याची फिल्म. तिच्यावर जगाचे चित्र उलटेच पडते आणि मेंदू ते सुलटे समजून घेतो. फाळके आपले भिंग पुढेमागे सरकवू शकत होते. डोळ्याला ती सोय नाही, कारण भिंग आणि दृष्टिपटल यांतले अंतर ठरलेले आहे. म्हणून डोळा भिंगाचा आकारच बदलतो. जवळचे पाहायचे असले की भिंगाभोवतीचा स्नायू आकसतो आणि लवचीक भिंग जास्त फुगीर होते. लहान मूल आठ-दहा सेंटीमीटरवरचे अक्षरही वाचू शकते ते याच लवचीकपणामुळे. वय वाढते तसे हे भिंग कडक होत जाते. चाळिशीच्या आसपास पोथी, सुईचा दोरा आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे लांब धरावी लागतात. आपल्या भाषेने या चष्म्यालाच चाळिशी असे नाव दिले आहे. फाळके तेव्हा ४१ वर्षांचे होते. वयाने डोळ्यांचे बळ कमी होऊ लागते, नेमक्या त्याच वेळी त्यांनी डोळ्यांकडून सर्वांत जास्त काम मागितले.

नुसत्या चाळिशीने किंवा जास्त पाहिल्याने कोणी आंधळे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. सतत बघत राहिले की पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. विश्रांतीने हे बरे होते. पण दिसणेच बंद झाले, एका बाजूला पडदा आल्यासारखे वाटले किंवा डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, तर तो थकवा समजून घरी बसू नये. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काही आजारांत तासांवर दृष्टी वाचते किंवा जाते. फाळक्यांना त्यांचे डॉक्टर वेळेवर भेटले.

दृष्टी परत आली तशी फाळक्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांनी काम समजून घेतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्म आणि तिला भोके पाडायचे यंत्र मागवले आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते परतले. आता चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि भांडवलदाराला पटवायला पुरावा हवा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. ती सगळी चित्रे सलग दाखवली तेव्हा पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला आणि पाहता पाहता वेल चढला. महिन्याची वाढ एका मिनिटात. शेतकऱ्याला ही वाढ रोज शेतात दिसते, पण इतक्या वेगाने ती कोणी पाहिली नव्हती. अंकुराच्या वाढीची ही छोटी फिल्म पाहून फाळक्यांना कर्ज मिळाले.

मग राजा हरिश्चंद्र. घरच स्टुडिओ झाले. तेव्हा चित्रण सूर्यप्रकाशात होत असे आणि चेहऱ्यावर सावली आली की ती घालवण्यासाठी पांढरी चादर धरून उजेड तिकडे परतवावा लागे. उन्हात चादरी धरून उभ्या राहणाऱ्यांत सरस्वतीबाई होत्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करत. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गेले. स्त्रिया पडद्यावर काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंखे यांनी केली.

हा चित्रपट सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे जवळजवळ ५९ हजार चित्रे. प्रत्येक चित्राच्या वेळी नटाच्या चेहऱ्याचे किरण फिल्मवरच भेटायला हवे होते, तिच्या पुढे नाही की मागे नाही. वर्षभरापूर्वी ज्याला दिसत नव्हते, त्या माणसाने हे साधले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लोकांसाठी लागला.

पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर, लंकादहन, श्रीकृष्णजन्म, कालियामर्दन असे चित्रपट आले, लोकांनी ते डोक्यावर घेतले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. मग भागीदारांशी मतभेद झाले, बोलपट आले आणि काळ पुढे निघून गेला. गंगावतरण हा १९३७ चा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. अखेरचे दिवस ओढगस्तीचे होते. चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

आता पुन्हा डोंगरकड्याच्या त्या चष्म्याकडे येऊ. फाळक्यांच्या भिंतीवरचे चित्र तीन कारणांनी बिघडू शकले असते. भिंग चुकीच्या जागी असणे, भिंग धुरकटणे किंवा भिंतच खराब असणे. डोळ्याचेही तसेच आहे.

पहिल्या प्रकारात किरण दृष्टिपटलाच्या पुढे किंवा मागे भेटतात. हा नंबरचा दोष, चष्म्याने सुधारतो. दुसऱ्या प्रकारात डोळ्यातले भिंग गढूळ होते. तो मोतीबिंदू. इथे एक मजेची गोष्ट लक्षात घ्या. खिडकीचे चित्र भिंतीवर पडले असताना अर्धे भिंग बोटाने झाका. अर्धी खिडकी नाहीशी होईल असे वाटते, पण खिडकी पूर्ण दिसते, फक्त अंधुक होते. कारण भिंगाचा प्रत्येक भाग पूर्ण चित्र पाडत असतो. मोतीबिंदूही म्हणूनच सुरुवातीला फसवतो. चित्र पूर्ण असते, पण फिकट आणि विखुरलेले. माणूस चष्म्याला दोष देतो आणि नंबर वाढवत राहतो. गढूळ भिंगापुढे कितीही चांगली काच धरली तरी उपयोग नाही. ते भिंग काढून नवे बसवावे लागते. फाळक्यांच्या काळी काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. अधिक १० च्या आसपासचा जाड चष्मा नाकावर वागवावा लागे. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग प्रथम बसवले ते लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये, फाळके गेल्यावर पाच वर्षांनी. आज ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते आणि मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. मधुमेहात दृष्टिपटलच खराब होऊ लागते. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी नस सुकते. दोन्हींत सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. आणि गेलेली दृष्टी चष्म्याने परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते. शुगर असलेल्या माणसाने दिसत असले तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, हा आग्रह त्यासाठीच.

घरी करण्यासारखी एक चाचणी सांगतो. जाड पुठ्ठ्याला सुईने एक भोक पाडा. अंधुक दिसणाऱ्या डोळ्याने त्यातून दूरची पाटी पाहा, दुसरा डोळा झाका. पाटी बरीच स्पष्ट झाली, तर दोष बहुधा नंबरचा आहे, चष्मा उपयोगी पडेल. फरक पडला नाही, तर चष्म्याच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जा. ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही, पण कोणत्या दारात जायचे ते सांगते.

डॉ. प्रभाकरांनी तीन-चार चष्मे बदलून पाहिले, म्हणजे ते तपासत राहिले आणि त्यांचा रुग्ण त्यांच्याकडे येत राहिला. आपल्या घरातल्या आजीच्या पिशवीतला चष्मा कोणाचा आहे आणि तिचे डोळे शेवटचे कधी तपासले होते, एवढे आज विचारून बघा.